कूलंटची टाकी गळू लागली तर... : बडोद्याच्या वाटेवरचे तात्पुरते उपाय आणि त्यांच्या मर्यादा

पणजीहून बडोदे जवळपास हजार किलोमीटरवर आहे. लग्नकार्य, शिक्षण वा नोकरीच्या निमित्ताने गोव्यातून स्वतःच्या मोटारीने तिकडे जाणाऱ्या कुटुंबांना या प्रवासाचा शेवटचा टप्पा वरवर पाहता सर्वांत सोपा वाटतो. घाट मागे पडलेले असतात. वापीपासून पुढे राष्ट्रीय महामार्ग ४८ सपाट आणि सरळ धावतो. मात्र एप्रिल-मे महिन्यांत याच पट्ट्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, भरूचजवळ नर्मदा ओलांडताना अवजड वाहनांच्या रांगा लागू शकतात आणि वातानुकूलन यंत्र तासन्‌तास चालू राहते. गोव्याच्या दमट पण तुलनेने सौम्य हवेत वर्षानुवर्षे मुकाट राहिलेली एखादी बारीक चीर अशा वेळी तोंड उघडते. बॉनेटखालून गोडसर वास येतो, गाडीखाली हिरवा किंवा गुलाबी ओघळ दिसतो आणि कूलंटच्या टाकीतील पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली आढळते.

टाकी बदलणे हा यावरचा खरा उपाय. परंतु रविवारी दुपारी करजणच्या आसपास उभ्या असलेल्या माणसाला नवी टाकी मिळेलच असे नाही. त्या वेळेपुरते काय करता येते, कोणत्या युक्त्या निरुपयोगी आहेत आणि कोणत्या थेट धोक्याच्या आहेत, हे आधी ठाऊक असणे बरे.

टाकी दोन प्रकारची असते

दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी गाडीत कोणत्या प्रकारची टाकी आहे हे पाहावे लागते. पुष्कळ जुन्या आणि काही लहान गाड्यांत दाबाचे झाकण रेडिएटरवर असते आणि बाजूची प्लॅस्टिकची टाकी केवळ साठवणीचे काम करते. इंजिन तापले की फुगलेले कूलंट एका बारीक नळीतून या टाकीत येते, इंजिन निवले की त्याच नळीतून परत ओढले जाते. या टाकीवर दाब नसतो, तिचे झाकण नुसते बसवलेले असते.

दुसऱ्या प्रकारात रेडिएटरवर झाकणच नसते. आट्यांचे जाड झाकण टाकीवरच असते आणि टाकीला दोन-तीन नळ्या जोडलेल्या असतात. आजच्या बहुतेक गाड्या या प्रकारच्या आहेत. येथे टाकी ही शीतन यंत्रणेचाच एक दाबाखालचा भाग असते. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकोल असे मिश्रण मोकळ्या हवेत साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाने सुमारे एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवला की तेच मिश्रण १२५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. अनेक आधुनिक इंजिने ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान चालावीत अशीच घडवलेली असतात. म्हणजे दाब गेला की उकळबिंदू आणि इंजिनाचे नेहमीचे तापमान यांतील अंतर जवळजवळ संपते. टाकीची चीर धोकादायक ठरते ती गळणाऱ्या द्रवापेक्षा या सुटलेल्या दाबामुळे.

पहिल्या प्रकारची टाकी फुटली तर रेडिएटर भरलेला असेपर्यंत इंजिन लगेच तापत नाही. मात्र प्रत्येक वेळी इंजिन निवताना नळीतून कूलंटऐवजी हवा ओढली जाते आणि दोन-चार फेऱ्यांत यंत्रणा रिकामी होत जाते. दुसऱ्या प्रकारात अवधी मिनिटांत मोजावा लागतो.

गळती खरोखर टाकीचीच आहे का?

गाडीखाली थेंब दिसला की टाकी फुटली असे मानण्याची घाई होते. वातानुकूलन यंत्रातून गळणारे पाणी रंगहीन, वासहीन असते आणि बहुधा चालकाच्या शेजारील आसनाच्या पुढच्या बाजूखाली पडते. दमट हवेत ते भरपूर पडते आणि त्यात काही बिघाड नसतो. कूलंट रंगीत असते, बोटांना बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. वाळल्यावर ते पांढरट किंवा गुलाबी खरपुडी मागे ठेवते. ही खरपुडी वरच्या दिशेने शोधत गेले की गळतीचे मूळ सापडते.

पुष्कळदा ते मूळ टाकीत नसतेच. नळीची क्लिप सैल झालेली असते, नळीचे टोक तडकलेले असते किंवा झाकणातील रबरी कडी कडक झालेली असते. क्लिप स्क्रूड्रायव्हरने आवळणे, नळीचे तडकलेले टोक सेंटिमीटरभर कापून पुन्हा बसवणे किंवा झाकण बदलणे एवढ्यावर काम भागते. टाकीच फुटली असेल तर चीर बहुधा तीन ठिकाणी आढळते : दोन अर्धे भाग जोडलेल्या शिवणीवर, खालच्या नळीच्या तोटीच्या मुळाशी आणि टाकीला चौकटीशी बांधणाऱ्या कानाजवळ.

बाहेर कोठेही ओल नसताना पातळी घटत असेल, टाकीत सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत असेल किंवा इंजिन ऑइल दुधाळ झाले असेल तर प्रश्न टाकीचा नसून हेड गॅस्केटचा आहे. अशा वेळी इंजिनातील वायू शीतन यंत्रणेत घुसून दाब वाढवतात आणि धडधाकट टाकीही फुटू शकते. ती सांधून काही उपयोग नाही, गाडी ओढूनच न्यावी लागते.

गाडी थांबवल्यावर

तापमानाचा काटा चढू लागला किंवा लाल दिवा लागला की गाडी शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबवावी. अलीकडच्या अनेक गाड्यांत काटा नसून केवळ निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. चढलेला काटा अचानक खाली आला तर हायसे वाटून घेऊ नये. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला नसून कोरडा पडला आहे, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. थांबण्याची जागा दोन-तीनशे मीटरवर असेल तर वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण वेगाने सुरू करावा. यंत्रणेत काही कूलंट शिल्लक असेल तर इंजिनाची थोडी उष्णता त्यातून बाहेर पडते. उन्हाळ्यात ही शिक्षा वाटते, पण ती एक-दोन मिनिटांचीच असते.

अहमदाबाद-वडोदरा द्रुतगती मार्गावर किंवा महामार्गाच्या कडेला थांबल्यास धोक्याचे चारही दिवे लावून, मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवून सर्व प्रवाशांनी कठड्याच्या पलीकडे उभे राहावे. बंद पडलेल्या गाडीत बसून राहणे हे इंजिन जळण्यापेक्षा कितीतरी मोठे संकट आहे. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा मदत क्रमांक आहे, त्यावरून गस्तीचे वाहन आणि क्रेन मागवता येते.

त्यानंतरचा नियम एकच आणि त्याला अपवाद नाही : गरम यंत्रणेचे झाकण उघडायचे नाही. आतील द्रव शंभर अंशांपेक्षा अधिक तापलेला असूनही केवळ दाबामुळे द्रवरूपात असतो. झाकण सुटताच त्याची क्षणार्धात वाफ होते आणि उकळते कूलंट चेहऱ्यावर व छातीवर उडते. ओले फडके झाकणावर टाकून उघडण्याची पद्धत ट्रकचालकांत रूढ आहे. तिच्या भरवशावर भाजलेली माणसेही कमी नसावीत. किमान पाऊण तास थांबावे, वरची नळी हाताने दाबून ती मऊ आणि कोमट लागते का ते पाहावे आणि मगच झाकण अर्धा आटा फिरवून उरलेला दाब सोडावा. इंजिन बंद असले तरी रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, त्याच्या जवळ हात, ओढणी किंवा पदर नेऊ नये. भाजलेच तर तो भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. गुजरात आणि गोवा या दोन्ही राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ हाच क्रमांक आहे.

हळद, साबण आणि एम-सील

रस्त्यावरचे शहाणपण येथे हमखास पुढे येते. रेडिएटरमध्ये हळदीची पूड टाकण्याचा उपाय ॲम्बॅसॅडरच्या काळापासून चालत आला आहे. पितळी रेडिएटरच्या सुईच्या अग्राएवढ्या छिद्रात फुगलेले कण अडकून गळती मंदावत असे, हे खरे. परंतु टाकीच्या चिरेपाशी प्रवाह जवळजवळ नसतो, चीर छिद्रापेक्षा मोठी असते आणि ती कण आवळून धरण्याऐवजी दाबाखाली फाकते. हळद जाऊन बसते ती हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद वाहिन्यांत. बाजारात बाटलीतून मिळणाऱ्या गळतीरोधक द्रवांनाही प्लॅस्टिकच्या टाकीपुरता हाच आक्षेप लागू पडतो.

साबणाच्या वडीची गोष्ट अधिक गमतीची आहे. डिझेलच्या किंवा पेट्रोलच्या टाकीची चीर कपडे धुण्याच्या साबणाने बुजवून बस पुढे नेणारे चालक पूर्वी सर्वत्र होते. साबण इंधनात विरघळत नाही, म्हणून ती युक्ती चालते. कूलंटचा निम्मा भाग पाणी असतो, त्यात साबण काही मिनिटांत धुऊन जातो.

राहिले एम-सील आणि तत्सम इपॉक्सी लांबी. भारतीय घरातील गळक्या नळापासून फुटक्या कुंडीपर्यंत सर्व काही जोडणारा हा पदार्थ टाकीवरही लावला जातो, दगडासारखा घट्ट होतो आणि पहिल्या पन्नास किलोमीटरांत अखंड पापुद्र्याच्या रूपाने सुटून येतो. दोष त्या लांबीचा नसतो. कूलंटच्या टाक्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग मेणासारखा असतो. त्यावर बहुतेक गोंद पसरतच नाहीत, मग धरणार कसे?

बडोद्याचे स्वतःचे प्लॅस्टिक

हा प्रश्न बडोद्याला परका नाही. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर हे तिचे प्रवर्तक आणि दादासाहेब फाळके हे तिचे एक विद्यार्थी. गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये अलेम्बिक हा रसायन उद्योग सुरू झाला. शहराजवळच्या कोयली येथे १९६५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना चालू झाला आणि १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन, म्हणजेच आयपीसीएल, ही सरकारी कंपनी स्थापन झाली. खनिज तेलापासून निघणाऱ्या नाफ्त्याचे रूपांतर पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लॅस्टिकमध्ये करणारा तिचा कारखाना बडोद्यातच होता. ही कंपनी २००२ मध्ये रिलायन्सच्या व्यवस्थापनाखाली गेली आणि २००७ मध्ये तिच्यात विलीन झाली.

पॉलिप्रॉपिलीनचे रेणू शिस्तीत रचण्याचे श्रेय इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांच्याकडे जाते. त्यांचे ते काम १९५४ चे, त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक १९६३ चे. आम्ल, क्षार, गरम पाणी, ग्लायकोल यांपैकी कशालाही हे प्लॅस्टिक सहसा दाद देत नाही, म्हणून ते कूलंटच्या टाकीसाठी निवडले जाते. मात्र ज्या गुणामुळे कूलंट त्याला खात नाही, त्याच गुणामुळे गोंदही त्याला धरत नाही. वर्षानुवर्षे तापून निवून ते ठिसूळ होते आणि पांढरी टाकी पिवळी, मग तपकिरी पडत जाते. तपकिरी झालेली टाकी आज गळत नसली तरी लांबच्या प्रवासापूर्वी बदलावी.

एक गुण मात्र दुरुस्तीच्या बाजूचा आहे. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशांना वितळते आणि निवले की पुन्हा घट्ट होते. म्हणजे ते चिकटवता येत नसले तरी सांधता येते.

चालणारे उपाय

साठवणीची, म्हणजे बिनदाबाची टाकी असेल तर सर्वांत भरवशाचा तात्पुरता उपाय टाकी सांधण्याचा नसून तिला बगल देण्याचा आहे. इंजिन ऑइलचा किंवा कूलंटचाच रिकामा, स्वच्छ धुतलेला डबा घ्यावा. रेडिएटरच्या झाकणाकडून येणारी बारीक नळी त्यात तळापर्यंत सोडावी, नळीचे टोक सदैव द्रवात बुडेल इतके कूलंट भरावे, झाकणाला हवेसाठी एक भोक ठेवावे आणि डबा पंख्यापासून व गरम भागांपासून दूर तारेने घट्ट बांधावा. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली या कामासाठी वापरू नये. ती सत्तर अंशांच्या आसपासच नरम होऊन आक्रसते. नीट बांधलेला असा डबा बडोद्याहून मुंबईपर्यंत, वेळप्रसंगी त्याहून पुढेही साथ देऊ शकतो. याच प्रकारच्या टाकीत चीर वरच्या बाजूला असेल तर पातळी चिरेच्या खाली ठेवून चालवणेही पुरते.

तोटी किंवा नळी गळत असेल तर सिलिकॉनची स्वतःलाच चिकटणारी टेप उपयोगी पडते. ती पृष्ठभागाला नव्हे, तर स्वतःच्याच थराला धरते. म्हणून ती दुप्पट ताणून, निम्मा थर निम्म्यावर येईल अशी गोल गुंडाळावी लागते. टाकीच्या सपाट अंगावर ती निरुपयोगी ठरते, कारण तेथे तिला गुंडाळायला वाव नसतो.

दाबाच्या टाकीला चीर गेली असेल तर उष्णतेने सांधणे हाच विश्वासार्ह मार्ग. गल्लोगल्ली फिरून तापलेल्या लोखंडी पट्टीने फुटक्या बादल्या सांधणारे कारागीर एकेकाळी कोकणात आणि गोव्यातही दिसत. त्यांची रीत अगदी शास्त्रशुद्ध होती : बादलीला बादलीचेच तुकडे. आज हेच काम बंपर सांधणारे करतात. बडोद्यात मकरपुऱ्यासारखी मोठी औद्योगिक वसाहत असल्याने प्लॅस्टिक सांधणारा माणूस शोधणे तुलनेने सोपे जावे. ‘टांकी लीक थाय छे’ एवढे गुजराती पुरेसे होते. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याच्या बाजूला मराठीतही विचारता येते.

स्वतःच करण्याची वेळ आल्यास टाकी गाडीतून काढून, रिकामी करून, धुऊन पूर्ण कोरडी करावी. ती गाडीत असताना तापते हत्यार लावू नये, शेजारी इंधनाच्या नळ्या आणि विजेच्या तारा असतात. टाकीवर कोठेतरी बारीक अक्षरांत प्लॅस्टिकचे नाव उठवलेले असते. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ‘पीए’ म्हणजे नायलॉन. खूण सापडत नसेल तर कडेचा किंचित किस काढून पाण्यात टाकावा : पॉलिप्रॉपिलीन तरंगते, नायलॉन बुडते. चिरेच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, नाहीतर सांधल्यानंतरही चीर पुढे सरकत राहते. चिरेवर अर्ध्या जाडीपर्यंत खाच करावी, सोल्डरिंग आयर्नने कडा वितळवून एकमेकींत मिसळाव्यात आणि खाच त्याच जातीच्या प्लॅस्टिकने भरावी. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असलेला खाण्याचा डबा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, त्याची पट्टी चालते. या ठिकाणी नेहमी होणारी चूक म्हणजे वायर बांधण्याच्या टायची पट्टी वितळवून भरणे. तो टाय नायलॉनचा असतो. भरताना तो एकजीव झाल्यासारखा दिसतो, निवल्यावर नखाने उचकटतो. जाळीच्या बारीक तारेचा तुकडा वितळलेल्या थरात दाबून बसवला तर जोड अधिक टिकतो. धूर निघू लागला तर उष्णता जास्त झाली आहे असे समजावे. मोकळ्या हवेत काम करावे. सांधलेला भाग पाणी न ओतता आपोआप निवू द्यावा. शेवटी टाकीत पाणी भरून ती अर्धा तास वर्तमानपत्रावर ठेवावी, कागद ओला झाला नाही तरच गाडीत बसवावी.

सांधण्याचे साधन नसेल आणि हाताशी केवळ इपॉक्सी असेल तर निदान ती धरेल अशी तयारी करावी. पृष्ठभाग भांड्याच्या साबणाने धुवावा, जाड पॉलिश पेपरने खरवडावा आणि गाडीपासून दूर नेऊन त्यावरून लायटरची ज्योत झरझर फिरवावी. प्लॅस्टिक वितळू द्यायचे नाही, ज्योत फक्त स्पर्शून जावी. कारखान्यांतही पॉलिप्रॉपिलीनवर रंग किंवा गोंद बसावा म्हणून ज्योतीची अशीच प्रक्रिया करतात. त्यावर चिरेच्या चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर पुढे जाईल असा थर द्यावा आणि तो पूर्ण घट्ट होईपर्यंत, शक्यतो रात्रभर, थांबावे. हा उपाय गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता आहे.

काहीच हाताशी नसेल तर थंड इंजिनावर झाकण किंचित सैल ठेवून, म्हणजे दाब चढूच न देता, जवळच्या गॅरेजपर्यंत जाणे हा अखेरचा मार्ग. तेव्हा उकळबिंदू १०७ अंशांच्या आसपासच राहतो, म्हणून वातानुकूलन बंद, हीटर चालू, वेग मध्यम आणि नजर काट्यावर ठेवावी लागते. केवळ लाल दिवा असलेल्या गाडीत हा मार्ग न धरणे बरे, कारण चालकाला तापमान कळतच नाही. काटा मध्याच्या वर सरकला की थांबून पुन्हा सर्व निवू द्यावे.

पातळी भरताना आणि पुढे जाताना

कमी झालेली पातळी इंजिन निवल्यावरच भरावी. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकू वा तडकू शकते. तेच कूलंट नसेल तर बाजारातले दुसऱ्या रंगाचे ओतण्याऐवजी शुद्ध पाणी घालावे. रंगावरून जात ओळखता येत नाही. दोन भिन्न रसायनांचे मिश्रण गाळासारखे घट्ट होऊ शकते, पाणी तसे होत नाही. बॅटरीचे किंवा बाटलीबंद पाणी कूपनलिकेच्या जड पाण्यापेक्षा चांगले. घरी पोहोचल्यावर संपूर्ण कूलंट बदलून घ्यावे.

दुरुस्तीनंतर दहा मिनिटे इंजिन जागच्या जागी चालवून जोडाकडे पाहावे. मग पाच किलोमीटरवर थांबावे, मग वीसवर. पहाटे किंवा रात्री निघावे. सपाट रस्त्यावर टिकलेला जोड घाटातही टिकेल असे गृहीत धरू नये. सुरत-वापीपर्यंत निमूट राहिलेली टाकी कशेडीत, खंबाटकीत किंवा चोर्ल्याच्या चढावर दाब पूर्ण चढल्यावर फुटते, आणि तेथे ना गॅरेज ना मोबाइलची खात्री. दाबाची टाकी असलेल्या गाडीने सांधलेल्या टाकीवर गोव्याला परतण्याचा विचार सोडून द्यावा. बडोद्यात एक दिवस मुक्काम वाढवून नवी टाकी, नवे झाकण आणि शक्य असल्यास नव्या क्लिपा बसवून घेणे केव्हाही स्वस्त पडते. तापून हेड वाकले की जो खर्च येतो त्यापुढे टाकीची किंमत किरकोळ असते.

बडोद्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवरील हालोलला १९९६ पासून जनरल मोटर्सचा कारखाना होता, तो २०१७ मध्ये बंद झाला आणि त्याच वर्षाअखेर कंपनीने भारतातील विक्रीही थांबवली. तेथे बनलेल्या काही शेव्हरोले गाड्या अजूनही धावत आहेत. अशा गाडीच्या मालकाने मूळ टाकी मिळण्याच्या भरवशावर न राहता, ती गळण्यापूर्वीच एक जादा टाकी घरी ठेवावी. त्याच हालोलमध्ये आता एमजीच्या गाड्या बनतात, त्यांत विजेवर चालणाऱ्याही आहेत. विद्युत गाडीतही बॅटरी थंड ठेवणारे कूलंट आणि त्याची टाकी असते. त्या टाकीच्या बाबतीत वरील एकही उपाय करू नये, कारण शेजारून उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी तारा जातात आणि काही गाड्यांत कूलंटही वेगळ्या जातीचे, वीज कमी वाहून नेणारे असते. अशी गाडी थेट सेवा केंद्रात न्यावी.

सांडलेले कूलंट

इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि पोटात अत्यंत विषारी असते. प्रौढ माणसाच्या जिवावर बेतायला साधारण शंभर मिलिलीटर पुरतात, लहान मुलाला, कुत्र्याला किंवा मांजराला याहून कितीतरी कमी. सुरुवातीला दारू प्यायल्यासारखी लक्षणे दिसतात, मग काही तास बरे वाटते आणि त्यानंतर मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. मधल्या बऱ्या वाटण्याला फसू नये. कूलंट पोटात गेल्याची नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि काय प्यायले ते तेथे सांगावे. या विषावर उतारा आहे, पण तो लवकर दिला तरच काम करतो.

म्हणून काढलेले कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. अंगणात, गोठ्याजवळ किंवा गटारातही ओतू नये. बडोद्यातील अनेक ओहोळ विश्वामित्री नदीला मिळतात आणि शहराच्या मधोमध वाहणाऱ्या या नदीत आजही मगरी राहतात. सांडलेल्या डागावर माती किंवा लाकडाचा भुसा पसरून तो गोळा करावा, जागा भरपूर पाण्याने धुवावी आणि उरलेले कूलंट खूण केलेल्या बंद डब्यातून गॅरेजकडे सोपवावे.